रॉकेलपुरता अबोला

माझी उभी नोकरी लोकांच्या स्वयंपाकघरांत गेली आणि तरी मला मोदकाला धड पाकळ्या पाडता येत नाहीत. सासूबाई होत्या तोवर येईल त्याला हे सांगत. त्यांचं म्हणणं, एवढ्या चुली पाहणाऱ्या बाईच्या हातात काहीतरी उतरायला हवं होतं. पण चुलीवर काय शिजतंय याच्याशी माझा संबंध नसे. चूल खरी आहे की खोटी, एवढं ठरवून मी पुढच्या घरी जात असे.

मी पुरवठा निरीक्षक होते. कचेरीचं नाव सांगत नाही. रत्नागिरीच्या जुन्या माणसांना ते कळेल आणि बाकीच्यांचं त्यावाचून काही अडणार नाही. ऐंशीच्या दशकात रेशन कार्ड ही काय चीज होती हे आजच्या मुलांना सांगून पटायचं नाही. साखर, पामतेल, गहू, तांदूळ हे होतंच, पण लोकांचा खरा जीव असे रॉकेलमध्ये. हमरस्त्याच्या कडेला वीज आली होती, आतल्या वाड्या अजून कंदिलावर होत्या. धान्य मिळायचं माणशी आणि रॉकेल मिळायचं कार्डावर. घरात चार माणसं असोत की चौदा, कार्ड एक तर रॉकेलही ठरलेलं तेवढंच. म्हणजे एका कार्डाची दोन कार्डं झाली की कंदिलात दुप्पट उजेड.

दोन कार्डं हवीत तर कुटुंब विभक्त झालेलं हवं. आणि कुटुंब विभक्त झालं हे सरकारनं ओळखायचं कशावरून? तर चुलीवरून. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, दोन चुली तर दोन कुटुंबं. इतकी सोपी व्याख्या सरकारनं दुसऱ्या कशाची केली असेल असं मला वाटत नाही. पुरुष निरीक्षकांना आत स्वयंपाकघरात जायला बायका आडकाठी करत, म्हणून चुली तपासायला मला पाठवायचे. मी लाल डब्याच्या एसटीनं उतरायचे, पाऊलवाटेनं वाडीत जायचे, आणि पायांवर पाणी घेऊन थेट चुलीशी.

खोटी चूल ओळखायला फार अक्कल लागत नसे. एका घरी मला दाखवलेली दुसरी चूल शेणानं सारवून वर रांगोळी काढलेली होती. चुलीत राख होती, पण ती चाळलेली. इतकी नीटनेटकी चूल मी माझ्या आयुष्यात पाहिली नाही. "कालच्या रात्री यावर काय केलंत?" असं विचारलं तर घरातली म्हातारी म्हणाली, "पूजा."

उलटेही नमुने भेटत. मांडवीला एक गृहस्थ होते, बंदरावर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी बायकोपासून विभक्त कार्ड मागितलं होतं. गेले तर घरात चूल एकच, आणि त्यांचं ताट वाढून झाकून ठेवलेलं. नवराबायको मुलीच्या लग्नापासून एकमेकांशी बोलत नव्हती, आणि मुलीची मुलगी तेव्हा शाळेत जात होती. गृहस्थ मला म्हणाले, "त्यांना सांगा, पाहुण्यांना चहा टाका." आतून बाई मला म्हणाल्या, "साखर संपल्ये म्हणावं. आणा म्हणून चार दिवस सांगत्ये."

"सांगताय कुणाला?" मी विचारलं.

"भिंतीला," बाई म्हणाल्या.

मी गृहस्थांना म्हटलं, विभक्त कार्ड हवं तर वेगळी चूल मांडावी लागेल. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "वेगळी चूल? अहो, मला चहासुद्धा करता येत नाही!" अर्ज नामंजूर झाला. नियमाप्रमाणे ते एक सुखी एकत्र कुटुंब होतं.

असं आमचं बरं चाललं होतं. मग नवे साहेब आले.

साहेब तरुण होते, परीक्षा देऊन थेट वरच्या खुर्चीत बसलेले. माणूस प्रामाणिक, कुणाचा चहाही न पिणारा. मराठी बोलत, पण विचार इंग्रजीत करत असावेत, कारण त्यांच्या प्रश्नांची उत्तरं मराठीत सापडत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे अहवाल वाचले आणि मला बोलावलं.

"बाई, चूल तासाभरात होते. तीन दगड ठेवले की झालं. मन वेगळं व्हायला वर्षं लागतात. आपण मन तपासलं पाहिजे."

मला वाटलं बोलण्याच्या भरात म्हणताहेत. पण दुसऱ्या दिवशी तपासणीच्या नमुन्यात टाइप केलेला एक नवा रकाना आला. शब्द इंग्रजी होता, एस्ट्रेंज्ड. पुढे होय किंवा नाही. आमचे अव्वल कारकून, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, चष्मा पुसून बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले आणि शेवटी साहेबांकडे गेले.

"याचा अर्थ काय घ्यायचा, साहेब?"

"आधी जवळची होती आणि आता मनानं लांब गेली, अशी माणसं."

"मग हा रकाना उलटा ठेवा," अण्णा म्हणाले. "या बाजूला मनानं लांब न गेलेले भाऊ शोधायचे तर जीप लागेल."

साहेब हसले नाहीत. त्यांनी खरंच वर जीपची मागणी केली आणि आम्हाला एक खडखडणारी जीप मिळाली. त्या जीपचं पुढे काय झालं ते येईलच.

तो शब्द मात्र पसरला. महिन्याभरात रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत लोक एकमेकांना विचारू लागले, "तुमचं झालं काय रे एस्ट्रेंज?" कुणी म्हणे, "बायको तयार हाय, भाऊ ऐकत नाय." सुनावणीच्या दिवशी आमच्या कचेरीचा व्हरांडा बघण्यासारखा असे. सख्खे भाऊ गळपट्टी धरून भांडत, बायका पदर खोचून एकमेकींची सात कुळं काढत. साहेब खिडकीतून बघत आणि रकान्यात होय लिहीत. एकदा दोघा भावांचं असं रंगात आलेलं असताना एक जण पुढचं विसरला, तर दुसऱ्यानं त्याला हळूच आठवण करून दिली, "बांधाचं बोल, बांधाचं." कार्ड मंजूर झालं. दुपारी समोरच्या हॉटेलात दोघांना एका बशीतली भजी खाताना मी पाहिलं.

मी साहेबांना एकदा म्हटलं होतं, की भांडणारी माणसं लांब गेलेली नसतात. माझं माहेर सावर्ड्याचं. तिथे माझे दोन चुलते फणसाच्या एका झाडावरून जन्मभर भांडले आणि एक गेला तेव्हा दुसऱ्यानं अंथरूण धरलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा अनुभव झाला. पुरावा नव्हे."

पावसच्या पुढे डोंगराच्या उतारावर एक वाडी आहे. तिथे दत्ताराम आणि सुरेश हे दोघे भाऊ राहत. दत्ताराम थोरला, शेती आणि आंब्याची थोडी कलमं बघणारा. सुरेश मुंबईला गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा तो बायकोमुलांसकट घरी आला. घर एकदम भरलं. दत्तारामची बायको सुलोचना, सुरेशची लीला, दोघींची पोरं, आणि वर आये, म्हणजे त्यांची म्हातारी सासू. एवढ्या माणसांत कंदील एक. अंधार पडला की त्या कंदिलाभोवती पोरांची डोकी एकमेकांवर आपटत. त्यातल्या थोरल्या दोघांची शाळा शेवटाला आलेली. म्हणून कार्ड वेगळं करायचं घरानं ठरवलं. भांडण नाही, तंटा नाही, सगळ्यांनी बसून एकमतानं वेगळं व्हायचं ठरवलं.

मी तपासणीला गेले. पडवीत दुसरी चूल मांडलेली होती आणि लीला तिच्यापुढे बसली होती. चूल त्यातल्या त्यात बरी वठवलेली होती, भिंतीवर धूरही धरला होता. मी सहज म्हटलं, "मीठ कुठे ठेवता?"

"आणते हां," म्हणून लीला उठली आणि तरातरा सुलोचनाच्या स्वयंपाकघरात गेली.

मडकं घेऊन परत येताना तिच्या लक्षात आलं. ती तिथंच थांबली. सुलोचनानं पदर तोंडावर धरला. मग लीलाला हसू फुटलं, आणि त्या दोघी जावा दाराच्या चौकटीला धरून अशा हसल्या की आये बाहेरून ओरडली, "अगो, काय झालां काय?" मीही हसले. इतकं एकजीव घर मी क्वचित पाहिलं होतं. नणंद-भावजय, सासू-सून यांचं मी समजू शकते, पण जावांचं असं सूत जमलेलं? लीला सुलोचनाला अक्का म्हणे, आणि सुलोचना तिला नुसतं "गो" म्हणून हाक मारी. त्यांनी मला घावन आणि नारळाचा रस खायला घातला, तोही अर्थात एकाच चुलीवरचा.

मी रकान्यात "नाही" लिहिलं. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

पुढची पायरी साहेबांपुढची सुनावणी. दत्ताराम इस्त्रीचा शर्ट घालून आला. ताठ उभा राहून म्हणाला, "आमचं बोलणं नाय, साहेब. तोंड बघत नाय एकमेकांचं."

साहेबांनी सुरेशला विचारलं, "कधीपासून?"

सुरेश गोंधळला, भावाकडे वळून म्हणाला, "दादा, कदीपासनं सांगायचं ठरलं होतं?"

अण्णांना खोकला आला आणि ते बाहेर गेले. अर्ज फेटाळला गेला. पण माणसं चिवट. त्यांनी पुन्हा अर्ज केला, आणि मधल्या दिवसांत घरी तालीम केली. दुसऱ्या सुनावणीला दोघे भाऊ वेगवेगळ्या एसटीनं आले, व्हरांड्याच्या दोन टोकांना बसले आणि साहेबांपुढे एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. कार्ड मिळालं. मात्र वर्षभर केव्हाही येऊन बघू, अशी अट साहेबांनी घातली. आणि वरच्या घरच्या तात्यांनी, जे त्यांचे भावकीतलेच, ही विभक्ती बोगस असल्याची तक्रार धाडली. तात्यांच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, या घराची पुढची आणि मागची दोन्ही दारं दिसत.

त्यामुळे नाटक एका दिवसापुरतं राहिलं नाही. विहिरीवर, देवळात, लावणीच्या वेळी चिखलात, चारचौघांत कुठेच बोलायचं नाही असं ठरलं. पहिले काही दिवस त्यांना मजा वाटली असणार. सुलोचनानं भाजलेली भाकरी पोराच्या हातून पलीकडे जाई, लीलाचं कालवण अलीकडे येई. विहिरीवर एकीनं घागर भरून होईपर्यंत दुसरी पाठ फिरवून उभी राही आणि पाठमोरी हसत राही. पोरं कंदिलांपाशी दोन टोळ्या करून बसू लागली. उजेड दुप्पट झाला हे खरं.

पावसाळा सरता सरता तात्यांनी दुसरी तक्रार केली. म्हणे, यांचा गणपती एकच आहे.

साहेबांनी मला विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडे चुली वेगळ्या होतात, जमिनी वेगळ्या होतात, कोर्टात दावे चालू असतात, तरी गणपती एकच असतो. चतुर्थीला सगळे भाऊ मूळ घरी येतात, एका आरतीला उभे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोर्टात जातात. साहेबांनी लक्षपूर्वक ऐकलं. "म्हणजे पूजा सामाईक," ते म्हणाले. "मग हे कुटुंब एस्ट्रेंज्ड नाही." त्यांनी कार्ड रद्द करण्याची नोटीस काढायला सांगितलं.

नोटीस द्यायला मीच गेले. खळ्यात सगळे बसले होते. आये म्हणाली, "रॉकेलसाठी देव वाटून घेताव? एकदा बसवलेला गणपती बंद करता येत नाय, ठाव हाय ना? जलमभर दोन होतील घरात."

दत्ताराम म्हणाला, "पोरांची परीक्षा होऊ दे, मंग बघू."

"मंग काय बघणार? मंग देवाला सांगशील, रॉकेल झालां, आता जा?"

सुलोचना जमिनीकडे बघत होती. आणि लीला, जी इतकी हसणारी, ती एकदम म्हणाली, "आणू या दुसरा. काय बिघडतं?" तिच्या आवाजाला धार होती. मला नवल वाटलं, पण निरीक्षकानं चुलीपुरतं बघावं अशी माझी तेव्हा समजूत होती.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तपासणीला मला पाठवलं. सणाच्या दिवशी कुणाच्या घरी सरकार होऊन जाण्याइतकं लाजिरवाणं काही नसतं. माजघरात मोठा गणपती, पडवीत लहान. दोन्हीकडे एकाच वेळी आरती सुरू झाली. तात्यांना ऐकू जावं म्हणून इकडचे मोठ्यानं म्हणत, मग तिकडचे त्याहून मोठ्यानं. मुंबईहून आलेली त्यांची बहीण तबक घेऊन मधल्या दारात उभी होती, कुठे जाऊ ते तिला कळेना. आये दोन्हीकडे गेली नाही. ती बाहेर पायरीवर बसून राहिली. मी तिच्याशेजारी जाऊन बसले तेव्हा म्हणाली, "बाई, तुमच्या साहेबाची आय हाय काय?" मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, "तिला सांगा माझा नमस्कार." त्या घरात आजही दोन गणपती येतात.

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली, बढतीवर. निरोप समारंभात अण्णांनी त्यांच्या कल्पकतेबद्दल दोन शब्द सांगितले. त्यांच्यामागोमाग रकानाही गेला. वरून स्पष्ट कळवण्यात आलं की विभक्त कुटुंबासाठी वेगळी चूल पुरेशी आहे, मनाची चौकशी करण्याची गरज नाही. हे पत्रक वाचल्यावर मला पहिली आठवण त्या घराची झाली. पावसला काम होतं, तशी मी मुद्दाम पुढे गेले. म्हटलं, गोड बातमी आपण स्वतः द्यावी.

सुलोचना खळ्यात मिरच्या वाळत घालत होती. मी सांगितलं, आता बोललात तरी चालेल, कार्ड कुणी काढून घेणार नाही, तात्यांनी शंभर अर्ज केले तरी. मला वाटलं होतं ती तिथूनच लीलाला हाक मारील. ती म्हणाली, "बरं." आणि मिरच्या पसरत राहिली. पडवीत लीला सुपानं तांदूळ पाखडत होती. तिलाही ऐकू गेलं होतं. तिच्या हातातलं सूप थांबलं नाही.

मी एसटीनं परत आले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. साहेबांच्या अटी शंभर टक्के पूर्ण करणारं एवढं चोख कार्ड आमच्या कचेरीनं दुसरं दिलं नसेल.

बऱ्याच दिवसांनी, आंब्याचा हंगाम तोंडावर आलेला असताना, सुलोचना एकटीच कचेरीत आली. आये त्याच थंडीत गेली होती. माझ्या टेबलापुढे उभी राहून तिनं हळूच विचारलं, "बाई, दोन कार्डांचं एक करून मिळतं काय?"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी कपाट उघडलं, बंद केलं. वेगळं होण्याचा छापील नमुना होता, हरवल्याचा होता, नाव कमी करण्याचा होता. एकत्र होण्याचा नव्हता. अण्णा म्हणाले, "हे आजवर कुणी मागितलेलंच नाही."

"का करायचंय एक?" मी सुलोचनाला बाकावर बसवून विचारलं. "रॉकेल निम्मं होईल."

"होऊ दे. थोरल्यांच्या परीक्षा झाल्या."

"लीला तयार आहे?"

"तिला विचारलं नाय."

"मग विचार की."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "भांडण झालां असतां तर मिटवलां असतां, बाई. भांडण झालांच नाय. तिनं काय बोलायचं सोडलंन्, मीपण सोडलं. नाटक कुठं संपलां तां तिलापण ठाव नाय नि मलापण. आये होती तवर तिच्या तोंडून तरी कळायचं, पलीकडे आज काय केलंन्, कोण आजारी हाय. आता भिंतीला कान लावून बसते मी. तुमी म्हणाल बाईला याड लागलां."

मला मांडवीच्या बाई आठवल्या, पण सांगितलं नाही. मी म्हटलं, "घरी जा. मी येते."

असा कुठला नियम नव्हता. पण साहेबांच्या हाताखाली राहून नियम कसे जन्माला घालायचे हे मीही शिकले होते. ठरलेल्या दिवशी मी वाडीत गेले, खळ्यात खाट टाकायला सांगितली, मांडीवर कोरे कागद ठेवले आणि सरकारी आवाज काढला. कार्डांचं एकत्रीकरण प्रस्तावित आहे, त्यासाठी दोन्ही गृहिणींचा समोरासमोर जबाब लागतो. लीला पडवीच्या दारात आली. आधी ऐकून घेतलं, मग सरकारपुढे काय करणार म्हणून येऊन बसली. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा सोडलेली. पुरुष माणसं कलमांत आंबे उतरवायला गेलेली होती.

"तुम्ही एकमेकींशी बोलता का?" मी विचारलं.

"मी बोलेन," सुलोचना म्हणाली. "ती बोलली तर."

लीला माझ्याकडेच बघत होती. "नाय बोलत. खरं तां लिवा, बाई."

"कारण?"

"कारण लागतं कागदावर?"

"लागतं," मी ठोकून दिलं.

लीला मग माझ्याकडेच बघत म्हणाली, "विचारा तिला. दुसरी चूल मांडली त्या पावसात मी घसरले, लाकडं आणताना. पोटातलां गेलां माझां. घरात कोण नाय, पडून होते मी. ती पेजेचं भांडं घेऊन आली. उंबऱ्यापर्यंत आली. माझ्याकडे बघितलंन्, आन् मागं फिरली. का फिरली विचारा."

हे मला ठाऊक नव्हतं. मी सुलोचनाकडे वळले. तिनं मान खाली घातली होती. तीही मलाच म्हणाली, "जीप दिसली, बाई. तुमच्या कचेरीची. खालच्या रस्त्याला लागलेली. वर तात्या खळ्यात हुबा. मी म्हटलं, आत गेले नि बघितलंन् तर कार्ड जाईल. एवढं सगळं करून पोरं परत काळोखात बसतील."

मला ती जीप आठवली. आम्ही खालच्या रेशन दुकानाचा साठा मोजायला गेलो होतो. साहेब जीपमध्ये बसून होते, मी पोती मोजली, दुकानदारानं दिलेला चहा एकटीनं प्यायले आणि आम्ही परतलो. या घराचं नावसुद्धा त्या दिवशी आमच्या तोंडी नव्हतं. मी तसं सांगितलं. सांगताना माझा सरकारी आवाज गेला.

मला वाटलं, झालं, गैरसमज होता, फिटला. कागद पुढे ओढून मी पेन उघडलं.

तेवढ्यात लीलानं मान वळवली. इतका वेळ ती माझ्याशी बोलत होती, आता तिनं सरळ सुलोचनाच्या तोंडाकडे बघितलं.

"आन् जीप गेल्यावर?"

मी पेन धरून बसले होते. असा प्रश्न कुठल्याही साहेबाला सुचला नसता, आणि मला तर उत्तराची भीतीच वाटली.

"पेज गार झाली होती," सुलोचना म्हणाली.

"गार झाली होती?" लीला उठून उभी राहिली. "तर गार आणायची होतीस! मी काय ऊन पेजेसाठी पडले होते?"

"मंग ऊन करायला ठेवली मी! तवर तुझा घो आला. दार लावलंन्."

"दार वाजवता येत नाय?"

"दुसऱ्या दिवशी वाजवलां! तू आतून म्हणालीस, झोपल्येय."

"झोपल्येय म्हटलं म्हणून गेलीस? अक्का, तू माझ्या दारातून झोपल्येय म्हटलं म्हणून गेलीस?"

आणि मग जे सुरू झालं ते व्हरांड्यातल्या भांडणांसारखं नव्हतं. कुणी कुणाला पुढचं सांगत नव्हतं. दोघी एकदम बोलत होत्या, रडत होत्या, मध्येच एक थांबली की दुसरीचा आवाज चढत होता. लहान गणपतीला पहिला हार कुणी घातला, आयेच्या शेवटच्या दिवसांत पलीकडून चमचाभर खीर का आली नाही, पोरानं नेलेली वाटी धुऊन का पाठवली, रिकामी का पाठवली. इतक्या दिवसांचं सगळं साठलेलं, एकही गोष्ट विसरलेली नव्हती. डोक्यावर आंब्याच्या करंड्या घेऊन दोघे भाऊ आले आणि खळ्याच्या कडेलाच थबकले. दत्ताराम म्हणाला, "अगो, हळू, तात्या ऐकतोय," तर दोघीही एकदम त्याच्यावर धावून गेल्या, "ऐकू दे!"

मी खाटेवर बसून होते. माझी कुणाला गरज नव्हती. जबाब म्हणून काय लिहावं हे मला कळत नव्हतं, आणि एसटीची वेळ होत आली होती. शेवटी मी लिहिलं, "दोन्ही गृहिणी एकमेकींशी भांडतात. कार्ड एकत्र करण्यास हरकत नाही." खाली तारीख घातली, आणि सही घ्यायला कागद मध्येच पुढे केला.

सुलोचनानं डोळे पुसत सही केली. लीलानं तर वाचलंही नाही. कागदाकडे न बघता नाव लिहिलं, पेन माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाली, "तुमी जावा आता, बाई. आमचं अजून व्हायचंय."